हळू आवाजाचे आबा

आबा गेल्याचा निरोप आला तेव्हा मी बालवाडीच्या दारात चपला लावत होते. शुक्रवार होता. शुक्रवारी आमच्याकडे सगळ्या पोरांच्या चपला बाहेर निघतात आणि त्या बावीस जोड्यांपैकी निदान चार तरी उलट्या पडलेल्या असतात. सूनबाईचा, वर्षाचा, फोन आला. "आई, आबा उठलेच नाहीत," एवढंच बोलली. मी फोन हातात धरून तशीच उभी. आत पोरं ओळीने बसून आबांची वाट पाहत होती, आणि त्यांना काय सांगावं ते मला, चाळीस वर्षं पोरं शिकवलेल्या बाईला, सुचत नव्हतं. त्याला आता दीड महिना झाला. वर्षा म्हणाली, तुम्हीच लिहा त्यांच्यावर, तुमची दोघांची खूप भांडणं झालीत. तर लिहिते.

आबा म्हणजे माझे व्याही, वर्षाचे वडील. दोंडाईच्याला त्यांचा लाउडस्पीकरचा धंदा होता. पंचक्रोशीतलं लग्न, जत्रा, निवडणूक, गणपती, काहीही असो, आबांचे कर्णे झाडावर बांधले गेल्याशिवाय कार्य झाल्यासारखं वाटायचं नाही. पुढे कर्णे गेले, भिंतीएवढे स्पीकर आले, आबांनी तेही आणले. माझ्या मुलाच्या लग्नात त्यांनी वधूपिता म्हणून हौसेने असा काही आवाज सोडला होता की मंगलाष्टकं संपली तरी भटजींना कळलं नाही, ते आपले हात वर करून उभेच. तेव्हापासून माझा या माणसावर राग होता, आणि तो मी लपवतही नव्हते.

आयुष्यभर स्पीकरशेजारी उभं राहिल्याची वसुली त्यांच्या कानांनी केली. उजवा कान साठीच्या आतच गेला. डावा धुळ्याच्या डॉक्टरांनी तपासला आणि सांगितलं, हाही जाणार, हळूहळू जाणार. वर्षाची आई आधीच वारली होती. वर्षाने हट्ट करून त्यांना जळगावला आणलं, पण लेकीच्या घरी अन्न न घेणाऱ्या पिढीतले ते. नातू झाला की ही अट सुटते म्हणतात; आबांनी ती नातू शाळेत जायला लागला तरी सोडली नाही. पिंप्राळ्यात आमच्या गल्लीतच वेगळी खोली घेतली, स्वतःची भाकरी स्वतः थापली. चहा मात्र रोज माझ्या बालवाडीत येऊन पीत. मी एकदा टोकलं, तर म्हणाले, "विहीणबाई, बालवाडी काय माझ्या लेकीचं घर आहे का?"

चहा पिता पिता ते आमचा गाण्याचा तास बघत. आमचा तास म्हणजे मी मोबाइल मोठ्या स्पीकरला लावायचा आणि पोरांनी त्याच्यावर ओरडायचं. दोन-तीन दिवस त्यांनी सहन केलं. चौथ्या दिवशी उठले आणि सरळ स्पीकर बंद केला. मी चिडले. ज्या माणसाने निम्म्या खान्देशाचे कान फोडले त्याने मला आवाज शिकवावा? मी तसं तोंडावर म्हटलंही. आबा शांतपणे म्हणाले, "म्हणूनच सांगतोय. मला माहीत आहे ना कसे फुटतात ते." आणि मग पोरांकडे वळून त्यांच्या अहिराणीत, "आवाज वाढना की कान जपी जास." जपणं म्हणजे झोपणं. पोरांना ते इतकं आवडलं की दिवसभर एकमेकांच्या कानांवर टकटक करून कान जागा आहे का ते विचारत होती.

पुढच्या शुक्रवारी आबा स्वतःचा जुना टेपरेकॉर्डर आणि पिशवीभर कॅसेटी घेऊन हजर. तास कसा चालायचा सांगते. पहिली गोष्ट, "बठ्ठास्नी चपला काढा," म्हणजे सगळ्यांनी. दुसरी, टेप इतका बारीक लावायचा की भिंतीशी बसलेल्याला काही ऐकू येऊ नये. तिसरी गोष्ट नव्हतीच. आबा काही सांगत नसत, नाच शिकवत नसत, टाळ्यासुद्धा वाजवू देत नसत. पोरं आपोआप सरकत सरकत टेपजवळ येत, गोल करून बसत, आणि हळूच कोणीतरी उठून चालायला लागे. संबळ वाजला की पोरं टाचा आपटत चालायची. सनई आली की चवड्यांवर, हात पसरून. हे त्यांनीच शोधून काढलं होतं. आबा फक्त विचारत, "काय ऊनं?" म्हणजे काय आलं, आणि पोरं कुजबुजत उत्तर देत, "सनई ऊनी!" इंग्रजी शाळेच्या तयारीसाठी घातलेली पोरं अहिराणी बोलायला लागली म्हणून दोन आया तक्रार घेऊन आल्या. तिसरी म्हणाली, सहा महिने झाले, आमच्या चिनूला एक गाणं म्हणता येत नाही. आबांनी तिला बसवलं, चिनूला डोळे मिटायला लावले आणि विचारलं, सांग बरं आईला, तुला काय काय ऐकू येतं. चिनूने पंखा सांगितला, बाहेरची रिक्षा सांगितली, शेजारच्या घरातला कुकर सांगितला, आणि मग म्हणाली, "आईची एक बांगडी फुटकी आहे." बाईने हात पाहिला. एका बांगडीला खरंच तडा गेलेला होता. ती बाई पुढे दर शुक्रवारी दाराशी येऊन उभी राहायची.

आबांची लाडकी कॅसेट पारोळ्याच्या एका लग्नात त्यांनी स्वतः भरलेली होती. सनई आणि संबळ, आणखी काही नाही. तिच्यात एके जागी सगळं वाजणं अचानक थांबतं. एक, दोन, तीन... आणि मग संबळ धाडकन पुन्हा सुरू होतो. मला वाटायचं ही मोठीच कलात्मक जागा असणार. आबा म्हणाले, "छे हो, सनईवाल्याने तोंडातलं पान थुंकलं तिथं." पोरांना ही हकीकत कळल्यावर त्या जागेचं नाव 'पानाची जागा' पडलं. ती आली की सगळी एक पाय वर धरून पुतळे व्हायची आणि संबळ आला की उडी. मलासुद्धा दारात उभ्या उभ्या हसू फुटायचं, पण मी ते आबांना दिसू देत नव्हते.

तिसऱ्या वर्षी डावा कान झपाट्याने उतरला. कानात घालायचं मशीन आणलं. आठवड्याभरात काढून ठेवलं. म्हणाले, "हाई मशीन काय कामनं नही, विहीणबाई. भांडं पडलं तरी तेच, सनई वाजली तरी तेच." लोकांचं बोलणं ओठांवरून बरंच कळायचं, पण ओठ वाचून सनई कळत नाही. आणि त्यांचं दुःख ते एकच होतं. घरी सगळे त्यांच्या हो ला हो करायला लागले होते, हे त्यांना कळत होतं. बहिऱ्या माणसासमोर लोक हसून मान हलवतात ना, तसं. मला वाटलं आता शुक्रवार बंद होणार. पण आबा येत राहिले. टेपशेजारी खुर्चीवर मांडी घालून, पाय शालीत गुंडाळून बसायचे. पाय का गुंडाळता म्हटलं, तर म्हणाले, "माझा पाय हलला तर पोरं माझंच बघून चालतील. मग मी माझंच ऐकल्यासारखं होईल." तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हा माणूस पोरांच्या पावलांवरून सनई ऐकत होता. टाचा उचलल्या गेल्या की ते डोळे अर्धे मिटून म्हणत, "ऊनी ना?" आणि ती आलेलीच असायची.

यात मी एक घोळ घातला. शहाणपणा माझा! पोरांना एकदा बाजूला घेऊन सांगितलं की आबांना आता अजिबात ऐकू येत नाही, त्यांना वाईट वाटेल असं काही करायचं नाही. झालं. त्यानंतरच्या शुक्रवारी पारोळ्याची कॅसेट सुरू होती आणि मध्येच लाइट गेली. टेप बंद. आबांना अर्थात कळलं नाही. पोरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मी, अक्कल गहाण ठेवल्यासारखी, हाताने खूण केली... चालू द्या. पोरं चालत राहिली. खोलीत चिडीचूप, आणि आबा आनंदाने मान डोलवतायत. मग त्यांनी सहज वर पाहिलं. पंखा थांबत आला होता.

"लाइट गयी शे ना?" त्यांनी विचारलं. त्यांचा चेहरा मी आजवर तसा पाहिला नव्हता. मला म्हणाले, "म्हणजे घरच्यासारखंच. किती दिवसांपासून चालू आहे हे?" मी हातवारे करून सांगायला लागले, आजच, फक्त आजच, चूक माझी. ते माझ्या ओठांकडे बघायलाच तयार नव्हते. बहिऱ्याला समजवायचं तर त्याने आपल्याकडे बघावं तरी लागतं. त्यांनी शाल सोडली, चपला शोधायला लागले. आणि इकडे पोरांना थांबा म्हणायचं मी विसरूनच गेले होते, त्यामुळे ती चालतच होती. टाचांवरून चवड्यांवर गेली. पुन्हा टाचांवर आली. आणि मग एकदम, कोणीही न सांगता, सगळ्यांचा एक एक पाय वर. एक चिरंजीव तोल जाऊन पडले, चिनूची लहान बहीण कधीच कंटाळून खाली बसली होती, पण बाकी सगळी पुतळे. एक, दोन, तीन. उडी!

आबा एका पायात चप्पल घालून तसेच उभे. पानाची जागा आली होती. बंद टेपमधून, लाइट नसताना, जिथे यायची तिथेच. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खूण केली असेल का ते बघत होते. मी तर दारात तोंडाचा आ करून उभी होते, माझ्याकडून कसली खूण होतेय! "आखो एक डाव," ते म्हणाले. पोरांनी पुन्हा सुरुवातीपासून सगळं केलं, आणि पुन्हा पाय त्याच जागी वर गेले. मग हा सत्तरी उलटलेला माणूस चप्पल भिरकावून गोलात शिरला आणि टाचा आपटत चालायला लागला. एवढा हसत होता की मला रडू आलं. मी आयुष्यात इतकी खूष कधी झाले नव्हते, माझ्या मुलाच्या लग्नातसुद्धा नाही. अर्थात त्या लग्नात आवाजामुळे खूष होण्याइतकं भान नव्हतं, ते सोडा. त्या दिवशी परत जाताना आबा वर्षाच्या घरी थांबले आणि आपण होऊन म्हणाले, वाढ गं पोरी, भूक लागली. वर्षाने घाईत केलेला पिठल्याचा घास घेऊन त्यांनी तिला सगळं सांगितलं. पुढची दोन वर्षं त्यांनी एकही शुक्रवार चुकवला नाही.

ते गेले त्या शुक्रवारी तास झाला नाही. पुढच्या शुक्रवारी वर्षा टेप आणि कॅसेटींची पिशवी घेऊन आली, कोपऱ्यात ठेवून निघून गेली. पोरांनी न सांगता चपला काढल्या. मी बटण दाबलं, सनईचा पहिला सूर निघाला, तशी चिनूच्या बहिणीने कपाळाला आठ्या घातल्या. "बाई, मोठा झाला." मी कमी केला. "अजून." आणखी कमी केला. "अजून, बाई!" शेवटी इतका बारीक झाला की मला काही म्हणजे काही ऐकू येईना. माझेही कान आता पासष्टीचे. पोरं मात्र सरकत सरकत टेपजवळ आली, गोल करून बसली, एक एक उठायला लागली.

मी आबांच्या खुर्चीवर बसले. काय वाजतंय ते कळेना, तेव्हा खाली पावलांकडे पाहिलं. थोडा वेळ टाचा आपटत होत्या. मग सगळ्या टाचा अलगद उचलल्या गेल्या.

सनई आली होती.