चित्रमावशीची काळी बोटं

तिसऱ्या मजल्यावरची चित्रमावशी पोरांवर करणी करते, ही बातमी एका आठवड्यात जिना उतरून तळमजल्यापर्यंत पोचली. पोरं स्वच्छ हातांनी वर जातात, काळीकुट्ट बोटं घेऊन खाली येतात आणि काही विचारलं तर तोंड उघडत नाहीत. पोरं गप्प म्हणजे पाणी कुठेतरी मुरतंय, यावर आयांचं एकमत झालं. तळमजल्यावरच्या शिंपीणबाईने तर बंद दाराआडून मंत्र ऐकले होते. शिंपीणबाईचे कान सुईपेक्षा बारीक आणि जीभ कात्रीपेक्षा धारदार, तेव्हा शंका घेणार कोण?

चित्रमावशी हे नाव पोरांनीच पाडलेलं. त्याआधी ती खेळण्यांच्या मोठ्या दुकानात तक्रारीच्या खिडकीशी बसायची. मोडकं खेळणं तिच्या हातात यायचं आणि गिऱ्हाइकाची बोलणी पदरात. एकदा एक बाप लाकडी तुकडे जोडून करायचं बंदराचं चित्र घेऊन आला आणि रंग उडाला म्हणून तणतणला. मालकाने मुकाट्याने बदलून दिलं. ती मात्र ते परत आलेलं चित्र न्याहाळत बसली. मधलं भलंमोठं जहाज कोरं करकरीत होतं. खालच्या कोपऱ्यात जहाजामागे धावणाऱ्या एका जाड्या माणसाच्या पायातून बूट निसटला होता, आणि त्या नखाएवढ्या बुटावरचा रंग घासून घासून पार लाकूड दिसत होतं. चित्रकाराने जीव ओतला जहाजात, पोराने मुक्काम ठोकला बुटात.

मग तिला तो नादच लागला. गाय तशीच्या तशी, शेपटीवरची माशी गायब. राजवाडा शाबूत, खिडकीतलं मांजर पुसलेलं. मोठी माणसं चित्रात समोरच्या दाराने जातात आणि पोरं मागच्या भिंतीवरून उडी मारतात. शिकवायचं ते त्या भिंतीपाशीच ठेवलं तर? रात्री जेवताना तिने हे नवऱ्याला सांगितलं. नवरा दारं-खिडक्या करणारा सुतार, मोजकं बोलणारा.

"ठेव की," तो म्हणाला. "पण नोकरी सांभाळून ना?"

"सोडून."

तो हात धुवायला उठला. पण दुसऱ्या दिवशी उरलेल्या फळ्या घासून त्यानेच तिच्यापुढे आणून टाकल्या. आतल्या खोलीतली खाट बाहेर गेली आणि रंग आत आले. सासूबाईंनी नाक मुरडलं. पण नाक मुरडणं हा त्यांचा जुनाच व्यायाम होता.

जुन्या मालकाने शब्द दिला, की शाळा सुरू व्हायच्या आत बाजाराच्या चित्राचा संच तयार झाला तर दर्शनी काचेत मांडू. नाही झाला, तर ती जागा दुसऱ्याला. पोरांना जड-हलकं शिकवायचं म्हणून मावशीने चित्राच्या मधोमध झोकदार तराजू काढला. आता तो पोरांना दिसतो का, एवढंच बघायचं राहिलं होतं. नेमकी त्याच वेळी करणीची बातमी पसरली आणि वर येणारी पावलं थांबली.

नवरा म्हणाला, एवढी चित्रं काढलीस, अंदाजाने उरकून टाक.

"ते जहाजसुद्धा कोणीतरी अंदाजानेच काढलं होतं," ती म्हणाली.

तिने फळी उचलली, काळ्या पुडीची वाटी उचलली आणि सरळ जिन्याच्या मधल्या चौकात ठाण मांडलं. ज्याला करणी बघायची त्याने उजेडात बघावी. लोक अंग चोरून जात होते, आया पोरांचे दंड धरून ओढत होत्या. शिंपीणबाईला त्या दिवशी गच्चीत फारच कामं निघाली. बसलं मात्र कोणी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मावशी तिसऱ्या दिवशीही येऊन बसली, तेव्हा सासूबाई गुडघे धरत खाली उतरल्या.

"सरक," त्या म्हणाल्या. "माझ्यावर आता आणखी काय करणी व्हायची राहिलीय?"

त्यांनी वाटीत बोटं बुडवली आणि चित्रावरून फिरवली. तराजूकडे ढुंकूनही न पाहता त्या कोपऱ्यातल्या डुलक्या घेणाऱ्या मासेवाल्यापाशी थांबल्या.

"हा मेला घोरतोय, आणि कुत्रं याचा मासा पळवतंय."

कुठं, कुठं करत पोरं आयांच्या हातांतून सुटली. घटकाभरात ते कुत्रं आणि तो मासा काळ्या ठशांखाली दिसेनासे झाले. मधला तराजू दुधासारखा स्वच्छ. मावशीने तो झोकदार तराजू त्याच संध्याकाळी खरवडून काढला आणि कुत्र्याच्या नाकासमोर नवा टांगला. एका पारड्यात मासा, दुसऱ्यात वजनं; माशाचं पारडं खाली गेलं की मासा कुत्र्याच्या तोंडात. आता मासा वाचवायचा तर कुठलं पारडं खाली आहे ते बघणं आलंच.

संच वेळेवर काचेत लागला. आज मावशीच्या कारखान्यात सहा जणी रंगवतात, नवरा तुकडे कापतो, आणि काळ्या बोटांखालून गेल्याशिवाय एकही चित्र दाराबाहेर पडत नाही.

करणीचं खरं एवढंच. ती पूड म्हणजे वस्त्रगाळ केलेला कोळसा. बोट चित्रात कुठे जातं ते समजावं म्हणून मावशी तो पोरांच्या बोटांना लावायची. मंत्र म्हणजे रंग कालवताना ती थेंब तोंडाने मोजत असे. पोरं गप्प असत, कारण खाली येताना त्यांनी जिन्यात वाळत घातलेल्या चादरीला हात पुसलेले असत; बोटं काळी ती काळीच राहत, वर चादरही काळी होई. चादर सासूबाईंची होती, आणि पोरांचं येणं बंद व्हावं म्हणून करणीची बातमी त्यांनीच सोडली होती.