शेवटचं नीट कधी पाहिलंत?

कावेरी मॅडमना चौकशीची खोडच आहे. बंगळुरात येलहंक्याच्या आमच्या हॉस्पिटलात त्या इमर्जन्सीच्या डॉक्टर, आणि मी बरीच वर्षं त्यांच्या हाताखाली सिस्टर. पोटात दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला त्या काल कुणाच्या लग्नात जेवलात इथपासून विचारतात. ज्युनियर डॉक्टर पाठीमागे त्यांना 'चौकशी खिडकी' म्हणतात. त्या निपाणीच्या, मी अथणीची. पेशंटशी त्या कन्नड बोलतात, ज्युनियरांशी इंग्रजी, आणि माझ्यावर चिडायचं असलं की मराठी. मराठीत चिडलं की मोकळं वाटतं म्हणे. मला काही वाटत नाही.

एका सोमवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास मल्हार नावाचा तरुण आईला घेऊन आला. पुण्याहून आलेला, हेब्बाळला आयटीत. आईचं नाव वासंतीबाई. उजवा हात लुळा पडलेला, तोंड वाकडं, बोलणं कळत नव्हतं. लकवा दिसतच होता. साखर तपासली, ठीक होती. सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसला नाही, म्हणजे मेंदूत गुठळी अडकली होती. ती विरघळवायचं इंजेक्शन आमच्या कपाटात होतं. पण झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत दिलं तरच. उशिरा दिलं, तर त्यानंच मेंदूत रक्तस्राव होऊन माणूस जाऊ शकतो.

"शेवटचं नीट कधी पाहिलंत यांना?" मॅडमनी विचारलं.

"काल रात्री दहाला. जेवलो तेव्हा."

"आणि आज?"

"मी उठलो तर आई सोफ्यावर पडलेली. ती लवकर उठते, पण मी दार लावून झोपतो. रात्री कॉल असतात."

झटका कधी आला हे कुणी पाहिलं नसेल, तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून हिशेब धरायचा, असा नियम आहे. रात्री दहापासून धरलं तर वेळ केव्हाच टळली होती. वासंतीबाईंचा हात कायमचा गेल्यात जमा होता.

"मॅडम, साडी नेसल्यात, वेणी घातलीय," ज्युनियर हर्षिता म्हणाली. "सहाला उठल्या असतील. सहा लिहूया?"

"असतील म्हणून इंजेक्शन देत नाहीत, हर्षिता." मॅडम मल्हारकडे वळल्या. "उठल्यावर काय काय करतात त्या?"

"चहा करते. पूजा... मग..."

मला त्याचा राग आला. एका घरात राहून आईची सकाळ याला माहीत नाही. मग त्याचा चेहरा पाहिला आणि राग काही टिकेना.

मॅडमनी वासंतीबाईंचा उजवा हात उचलून उजेडात धरला. अंगठ्याला आणि बोटाला पांढरी भुकटी लागली होती. मी मघाशी बीपी घेताना ती पाहिली होती. पीठ असेल म्हणून सोडून दिली.

"रांगोळी काढतात का?"

"हो, रोज दारात."

"आज होती?"

"लक्षच नव्हतं हो. खुर्चीत बसवून घाईघाईत बाहेर काढलं तिला."

"समोर कोण राहतं?"

समोरच्यांचा नंबर त्याच्याकडे नव्हता. आईच्या फोनमध्ये सापडला. मॅडमनी स्पीकर लावला. समोरच्या भाग्यलक्ष्मी बंगळुरातल्या जुन्या मराठी घरातल्या निघाल्या.

"हौदु, हो मॅडम, काढली की अक्कांनी रांगोळी. पोरीच्या शाळेची व्हॅन सव्वासातला येते, तिला सोडायला निघालो तेव्हा काढतच होत्या."

"बोलल्या तुमच्याशी?"

"रागावल्या मला. तुझं दार असं बोडकं कसं म्हणून."

"शब्द स्पष्ट होते? हात कुठला चालत होता?"

"एकदम स्पष्ट. उजव्या हातानं ठिपके देत होत्या. काय झालं अक्कांना?"

"सांगते. व्हॅन आज वेळेवर आली होती का?"

अशा वेळी बाईला व्हॅनची चौकशी! पण व्हॅन वेळेवर आली होती, आणि घड्याळात दहाही वाजले नव्हते, म्हणजे साडेचार तासांतले तीनही गेले नव्हते. मॅडमनी मल्हारला धोका समजावला, वेळेत दिलं तरी क्वचित यानं रक्तस्राव होतो, हे लपवलं नाही. त्यानं सही केली. इंजेक्शन मी दिलं. त्या दिवशी देवाचं नाव घेतलं.

संध्याकाळी वासंतीबाईंची दोन बोटं हलली. पुढच्या दोन दिवसांत हात खांद्यापर्यंत वर जायला लागला. बोलणं मात्र शब्द-दोन शब्दांवर अडलं होतं.

घरी सोडायच्या दिवशी मॅडम तपासायला आल्या, तेव्हा वासंतीबाई आपण होऊन बोलल्या. सावकाश, पण पूर्ण वाक्य. "दारात रांगोळी कोण काढतंय?"

"मी," मल्हार म्हणाला. त्यानं फोनवरचा फोटो पुढं केला. रेघा वाकड्यातिकड्या होत्या, एका कोपऱ्यात बुटाचा ठसाही होता. "सातला उठतो आता. भाग्यलक्ष्मीताई हसतात."

वासंतीबाईंनी फोन उजव्या हातात घेऊन फोटो पाहिला.

"ठिपके चुकलेत," त्या म्हणाल्या. "उद्या मला उठव. शेजारी बसते."

मल्हार खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. मॅडमनी केसपेपर उघडला, मिटला आणि त्या काहीही न विचारता पुढच्या पेशंटकडे गेल्या.