खडीच्या बागेतल्या बत्तीस कुंड्या

माझी आत्या आमच्या शहरातल्या देशोदेशींच्या बागेत माळीण आहे. एका मोठ्या आवारात चार देशांच्या चार बागा, आणि रोज सकाळी दहाला पर्यटकांना त्या फिरवून दाखवायचं कामही तिचंच. ती स्वतः यातल्या एकाही देशात गेलेली नाही. पासपोर्टचं नाव काढलं की म्हणते, "कशाला? ते लोक इथंच येतात की." एकवीस वर्षं येणाऱ्या प्रत्येकाला तिनं खोदून खोदून विचारलंय, तुमच्याकडे बाग बघतात कशी? मी त्याच बागेच्या तिकीटखिडकीवर बसते, नोकरी अजून कच्ची आहे, पण तिच्यासारखी बाग दाखवणारं दुसरं माणूस नाही हे मी छातीठोकपणे सांगते.

फ्रेंच बागेत ती लोकांना खाली उतरूच देत नाही, जिन्यावर उभं करते. "ही राजाच्या खिडकीतून दिसावी म्हणून केलेली. खाली गेलात की नुसतं कुंपण दिसेल." इंग्रजी बागेत मात्र वाट सोडून खुशाल भटका म्हणते. "फ्रेंच माळी राबला ते दिसलं पाहिजे, इंग्रजी माळी राबला ते दिसता कामा नये. मेहनत दोघांची सारखीच, माझ्या कमरेला विचारा." इराणी बागेला चारी बाजूंनी भिंत आणि मधून पाण्याचे पाट. तिथं दारातच ती सगळ्यांना डोळे मिटायला लावते. उन्हातान्हातून आलेल्या माणसाला पाणी आधी ऐकू यावं, मग दिसावं, हे तिला एका इराणी आजोबांनी सांगितलं होतं. सांगताना ते रडले, म्हणून आत्याही रडली. त्या दिवशीची फेरी पाऊण तास लांबली.

चौथी बाग जपानी. सात दगड आणि पांढरी बारीक खडी, बस्स. ही आत्यानं स्वतःच्या हातानं केलेली. एका जपानी बाईनं एक शब्द न बोलता तिच्या हातातलं दाताळं घेतलं आणि दाखवलं, मागं मागं सरकत खडी विंचरायची, म्हणजे रेघा उमटतात आणि आपली पावलं आपणच पुसत येतो. तेव्हापासून आत्या रोज विंचरते. खडीवर एखादं पाऊल उमटलेलं दिसलं तर कुणाचं ते ओळखते. मी उजवा पाय फेंगडा टाकते, हेही तिनंच मला हसत हसत सांगितलेलं. ही बाग कडेच्या लाकडी फळीवर बसून बघायची असते. पण बसतं कोण? लोक येतात, "अजून काम चालू आहे वाटतं," म्हणतात आणि निघून जातात.

म्हणून नव्या साहेबांनी ठरवलं, खडी उचलायची, कारंजं बसवायचं आणि पुढं फोटो काढायला जागा करायची. मंजुरी द्यायला बागेच्या समितीची तीन माणसं गुरुवारी दहाला येणार होती. त्या आठवड्यात आत्याच्या घशाखाली धड घास उतरला नाही. "फळीवर कुणीतरी बसलेलं त्यांना दिसलं पाहिजे गं," एवढंच म्हणायची.

आता माझा पराक्रम ऐका. मला वाटलं, बाग जरा नटवली तर लोक बसतील. रोपवाटिकेतल्या भाऊंना विचारलं, तर ते माझ्याही पुढं. फुलाशिवायच्या जागेला बाग म्हणायला त्यांची जीभच वळत नाही. बुधवारी संध्याकाळी बाग बंद झाल्यावर भाऊंनी फळीवरून कुंड्या दिल्या आणि मी त्या आत नेऊन मांडल्या. लाल, पिवळ्या, जांभळ्या, बत्तीस कुंड्या. भाऊंनी झारीनं भरपूर पाणीही घातलं. लांबून बघून आम्ही एकमेकांची पाठ थोपटली.

गुरुवारी नऊला मी पोचले तर कुंड्या बाहेर काढलेल्या आणि आत्या गुडघ्यांवर बसलेली. प्रत्येक कुंडीखाली चिखलाचं एक गोल कडं उमटलं होतं. ती उलथन्यानं मळलेली खडी खरवडून चाळणीत टाकत होती. मी केलंय हे सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं चाळणी माझ्या हातात दिली.

"बघत काय राहिलीस? आत पाय ठेवू नकोस. ही खडी नळावर धुऊन आण."

मी चोरासारखी चाळण्या धूत राहिले. पावणेदहाला कुठं तिनं दाताळं हातात घेतलं. दहाला साहेब आणि समिती हजर, आणि बाग निम्मीसुद्धा झालेली नाही.

"बाई, थांबवा ते आता," साहेब म्हणाले.

"मध्येच थांबता येत नाही साहेब. पावलं राहतील," आत्या मान वर न करता म्हणाली.

समितीच्या अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिलं आणि उभं राहून पाय दुखतील म्हणून फळीवर टेकल्या. मग बाकीचे दोघं बसले. साहेबांनाही बसावं लागलं. आत्या एकेक पाऊल मागं येत होती, दगडापाशी वळत होती, खडी बारीक आवाज करत होती. आधी एकाचा फोन वाजला, त्यानं तो बंद केला. पुढं अर्धा तास चौघंही फळीवरून हलले नाहीत. मी आत्याकडे एकवीस वर्षं बघत आलेय, पण ती एवढी मोठी आहे हे मला त्या दिवशी कळलं.

फळीपाशी येऊन ती थांबली. "पाय वर घ्या," अध्यक्षबाईंना म्हणाली. बाईंनी शाळकरी मुलीसारखे दोन्ही पाय वर घेतले, तिनं शेवटची रेघ ओढली.

"हे रोज करता?" बाईंनी विचारलं.

"रोज. सातला."

"मग लोकांना दहाला कशाला आणता? सातला आणा." साहेबांच्या हातातली कारंज्याची फाईल त्यांनी उघडलीसुद्धा नाही.

संध्याकाळी आत्या अवजारं धूत होती. मी धीर करून म्हटलं, "आत्या, त्या कुंड्या..."

"भाऊंनी पाणी जरा जास्तच घातलं," ती म्हणाली. "सकाळी आले तर खडीभर तुझी फेंगडी पावलं. साहेब आठला चक्कर मारतात, म्हणून कुंड्यांना हात लावायच्या आधी तेवढी पुसून घेतली."