उडणाऱ्या नायकाची आई

मी लिहिलेला कागद बाई दोन बोटांत धरून लांब करायच्या, ओलं दुपटं धरावं तसा. मग वर न बघता विचारायच्या, "असं माणूस बोलतं का रं?"

हा प्रश्न मला असे. मी मालिकेचा संवादलेखक. मी विट्याचा, हे कळल्यावर पहिल्याच दिवशी त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, "तुमच्याकडची माणसं सोनं गाळतात म्हणं. तू हे काय गाळत बसलायस?" सगळे हसले. त्या दिवसापासून मी त्यांचा राग करायला लागलो, आणि तो लपवलाही नाही. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असं एक माणूस असेल. त्याचं बहुतेक वेळा बरोबर असतं, म्हणूनच ते डोळ्यांसमोर नको वाटतं.

कोरेगावजवळ एका भाड्याच्या घरात आमचं शूटिंग चाले. अंगावर वीज पडून शक्ती आलेला शेतकऱ्याचा पोरगा निळा पोशाख घालून उडतो आणि गाव वाचवतो, अशी गोष्ट. बाई त्याची आई. उभं आयुष्य सांगलीच्या नाटकांत गेलेलं, वय पासष्टीच्या पुढं. सुरुवातीला रहिमतपूरकडची पोरं टेम्पो भरून नायकाला बघायला यायची. मग येईनाशी झाली. प्रेक्षक घटले तशी आमची वेळ साडेआठवरून सातवर आली, सातवरून साडेसहावर. आम्ही नायकाला जुळा भाऊ आणला, त्याचं लग्न लावलं, एक नागीणसुद्धा आणून बघितली. कशाचाच उपयोग झाला नाही.

शेवटी वाहिनीच्या मॅडम मुंबईहून आल्या आणि म्हणाल्या, "आईला मारू या. हिरोला दुःख हवं."

बाई तिथंच बसल्या होत्या. "आवं, लोक त्याच्या उडण्याला कंटाळल्यात," त्या म्हणाल्या, "माझ्या जगण्याला न्हाई."

मॅडम फोनमध्ये बघत राहिल्या.

खरं सांगतो, ते मरण मी आनंदानं लिहिलं. छातीत गोळी, मुलाच्या मांडीवर डोकं, आणि माती, माता, मायभूमी असं दोन पानी भाषण. बाईंनी कागद घेतला. या वेळी काहीच विचारलं नाही. जिंकलो, असं मला वाटलं.

शॉट सुरू झाला. नायकानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. बाईंनी माझा एकही शब्द उच्चारला नाही. स्वयंपाकघराकडं मान वळवली, पुटपुटल्या, "दूध उतू जाईल रं. गॅस बारीक कर," आणि डोळे मिटले. नायक इतका गोंधळला की खरंच उठून गॅसकडं निघाला.

दिग्दर्शक भडकला. त्याच्याहून जास्त मी भडकलो. "तुम्ही लेखकाचा अपमान करताय!"

"लेखक हाय का हितं?" बाई पडल्या पडल्याच म्हणाल्या.

"माझी दोन पानं म्हणा. आत्ता!" मी ओरडलो.

त्यांनी म्हटली. एक शब्द न गाळता, स्वल्पविरामांसकट, ग्रामपंचायतीची नोटीस वाचावी तशी. लाइटवाले तोंड दाबून हसत होते. दिग्दर्शकानं मग गुपचूप पहिलाच टेक ठेवला.

तो भाग लागला आणि लोक परत आले. बाजारात बाया एकमेकींना म्हणायच्या, "गॅस बारीक कर गं." मॅडमचा फोन आला, "ते दुधाचं वाक्य काय लिहिलंयस!"

"थँक्यू, मॅडम," मी म्हणालो.

पुढं मुलाखत घ्यायला आलेल्या एका पेपरवाल्याला तर मी सांगितलं की ते वाक्य मला माझ्या आईवरून सुचलं.

बाई सांगलीला निघून गेल्या होत्या. तीन आठवड्यांत प्रेक्षकही गेले. "आईला परत आणा," मॅडम म्हणाल्या, "स्वप्नात येऊ दे, काहीही कर." बाईंना बोलवायला मलाच पाठवलं.

बाईंनी घरात घेतलं नाही. चहा उंबऱ्यावरच दिला. "पेपर वाचला," त्या म्हणाल्या. "तुझी आई बरी हाय का?"

"बाई, वाक्य तुमचं होतं."

"मला काय सांगतोस? तुझ्या मॅडमला सांग. हितनं, माझ्यासमोर."

मी फोन लावला. स्पीकर चालू केला. "मॅडम, ते दुधाचं वाक्य माझं नव्हतं. बाईंचं होतं. मी खोटं बोललो."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "त्या येतायत का?"

बाई हसल्या. माझ्यासमोर पहिल्यांदाच. माझ्या हातातला कप काढून घेत म्हणाल्या, "न्हाई म्हणून सांग. आणि पाचची गाडी गाठ, पुढची लय उशिरा हाय." मग दार लावलं.

मालिका महिन्याभरात बंद पडली. बाई गेल्याचं मला परवा पेपरातूनच कळलं. चार ओळींची बातमी. त्यात त्यांचं ते मरतानाचं वाक्य छापलं होतं, आणि पुढं ते लिहिणारा म्हणून माझं नाव.

मी पेपरच्या कचेरीत फोन लावला. पलीकडून कुणी उचलेपर्यंत नकळत दाराकडं बघत होतो. दारात कुणी उभं नव्हतं.