शेवटची सोळा पानं

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाय. आईला न्हाय, खोलीतल्या दोस्ताला न्हाय. तुला सांगतोय — आणि सांगता सांगता मधीच कुणाचा तरी आवाज काढून विषय उडवीन की काय, असा माझाच मला संशय येतोय. तसं झालं तर हसू नकोस.

मी वळसंगचा. मॅट्रिक होऊन सोलापुरात आलो तेव्हा मला दोनच गोष्टी येत होत्या, सायकल आणि नकला. एका वाचनालयाची पुस्तकं घरोघर पोचवायचं काम मिळालं. जुनं घ्यायचं, नवं द्यायचं, वहीत सही घ्यायची. आणि दारात उभं राहून, आमचे मालक अण्णा थुंकी लावून पान कसं उलटतात, ते करून दाखवायचं. बायाबापड्या पोट धरून हसायच्या. दारं माझ्यासाठी उघडतात, पुस्तकासाठी न्हाय, असं वाटायचं मला. का वाटू नये?

बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. पिशवीच्या तळाला एक जाडजूड कादंबरी कैक महिने पडून होती. खाकी कव्हर, नाव असं की शेतकी खात्याचा अहवाल वाटावा. कोण नेणार? एकदा पंक्चर काढायला बसलो होतो, दुसरं काय न्हाय म्हणून उघडली — आणि हसायलाच लागलो. त्यात एक आत्या हाय. तिचा चांदीचा डबा चोरीला गेलाय, आणि ती साऱ्या गावावर संशय घेत एकेकाच्या घरी जेवायला जाते, चोर शोधायला! पंक्चरवाला म्हणाला, “काय रं, ऊन लागलं काय तुला?”

मग काय, दारोदार आत्या करून दाखवली. कादंबरीला नंबर लागले. माझ्यामुळंच की! आणि एक दिवस टेलरमामा पुस्तक परत देताना म्हणाले, “तुझी आत्या काय खरी न्हाय गड्या. पुस्तकातली लई भारी हाय.”

एवढंच बोलले. पण लागलं मला. कागदावर छापलेली बाई माझ्यापेक्षा भारी?

मामांच्या पुढचा नंबर सुगलावहिनीचा होता. अक्कलकोटकडची, घरात कानडी. मराठी वाचायला लग्नानंतर शिकलेली, बोट ठेवून, अडखळत. एवढं जाड पुस्तक तिनं पहिल्यांदाच मागितलं होतं. सासूच्या नजरेखाली आठवड्याला एक पुस्तक, तेवढंच काय ते तिचं स्वतःचं.

अण्णांनी पानं तपासून पुस्तक माझ्या हातात दिलं. आणि मी — वाटेत लिंबाखाली सायकल लावून दाढीच्या ब्लेडनं शेवटची सोळा पानं कापली. व्हय, मीच. म्हटलं, शेवट माझ्याकडं राहिला की लोक शेवटासाठी माझ्याकडं येतील. मग बघू कोण भारी ते.

पुढच्या आठवड्यात वहिनीनं आपण होऊन सांगितलं, “शेवटचे पान न्हाईत की हो ह्यात.” चोर असं सांगायला येतो का? पण अण्णा स्वतः आले तिच्या दारात. गल्ली जमली.

“टेलरकडनं आलं तवा मी बघितलंय. सगळं होतं,” अण्णा म्हणाले. मग माझ्याकडं वळले. “तू देताना पुरं होतं का न्हाय?”

“व्हय अण्णा. पुरं होतं.”

सासू आतनं ओरडली, “तरी मी म्हणत होते, दिवसभर काय वाचती! त्या पानांवर पत्रंबित्रं लिवून कुणाला धाडली का बघा!”

अण्णांची नजर माझ्यावरनं हलेना. आणि मी काय करावं? तोंड उघडलं आणि वहिनीच्याच आवाजात, तिच्या कानडी हेलात म्हटलं, “मी न्हाय हो फाडले, अण्णा!” हुबेहूब. सगळी गल्ली हसली. अण्णापण हसले. नजर हलली.

वहिनी तेवढी हसली न्हाय. रडली पण न्हाय. मलाच म्हणाली, “तुमी वाचलाय न्हवं? डबा कुणी घेतला, तेवढं तरी सांगा की.”

मी आत्याच्या आवाजात म्हणालो, “ते चोरालाच ठाऊक, बाई!”

पुन्हा हशा. इतका कधी झाला नव्हता.

वहीतनं तिचं नाव अण्णांनी माझ्याच हातानं खोडायला लावलं. मी रेघ सरळ मारली. नंतर त्या दारावरनं जाताना मी घंटी वाजवत नसे. एकदा दिसली. डाळ बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा उंबऱ्यात बसून बोट ठेवून वाचत होती. मी पायडल जोरात मारलं.

ती सोळा पानं माझ्या ट्रंकेत हायत. शेवट कुणापुढं कधी करून दाखवला न्हाय मी. डबा आत्याच्याच उशाखाली होता. कुणीच चोरला नव्हता. एवढंच होतं तिला सांगायचं.