हजेरी सुनेची, पट्टा सुनेचा

इकडे ये, अशी जवळ बस. दारातूनच 'बरी आहेस ना मावशी' म्हणतेस अन् चालली जातेस, हे काही बरं नाई. पट्ट्याचं फोनवर अर्धंच ऐकलंस, आता पूर्ण ऐक.

आमच्या गावात, मोहर्लीच्या अलीकडे, शाळेच्या मैदानात बायांचा कराटे क्लास निघाला. पहिलं नाव माह्यं. शिकवणारी मॅडम चंद्रपूरची, माह्या लेकीच्या वयाची. तिनं सांगून टाकलं, पांढऱ्या पट्ट्यावरून पिवळ्यावर जायचं तर परीक्षा. अन् परीक्षेला बसायचं तर आधी दोन महिने हजेरी, पहिला काता न अडखळता, मग तिची सही. काता म्हणजे ठरलेले वार अन् पावलं, एकामागून एक. मले महिन्याभरात पाठ झाला.

तेवढ्यात मोहफुलं पडू लागली. उजाडता वेचली नाई तर ढोरं खातात, अन् क्लास त्याच वेळी. आता रोजगार हमीच्या कामावर आमची सवय अशी, की कार्ड घराचं. सासू नाई गेली तर सून जाते, दिवस बुडत नाई. मी तेच केलं. सुनेच्या कमरेले माहा पट्टा बांधला अन् धाडलं. तिले जायचंच नव्हतं, लाजत होती. मोह सरला, तेंदूपत्ता लागला. ती जातच राह्यली.

पत्ता संपला अन् मी ऐटीत मैदानात गेली. मॅडमनं परीक्षेची यादी वाचली. त्यात सुनेचं नाव, माह्यं नाई. मी म्हटलं, "मॅडम, आमच्या घरून माणूस रोज आलं ना?"

ती म्हणाली, "काकू, इथं घराची हजेरी नसते. तुमचा एकच महिना भरला."

काय सांगू तुले. सून आंगणात काता करे अन् मी सुपात तांदूळ घेऊन तिच्या चुका शोधे. एक सापडली नाई. वळताना पाऊल वाजतसुद्धा नव्हतं. शेवटी मी खोटंच म्हटलं, डावा हात खाली ठेव, तुह्यं चुकते. तिनं लगेच खाली घेतला. दोन दिवस तसाच.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माह्याच्यानं राहावलं नाई. म्हटलं, "हात पहिल्यासारखाच ठेव. तो बरोबर होता."

ती म्हणाली, "ठाऊक आहे आई. क्लासमध्ये वरच ठेवत होती. घरी तुमच्यासाठी खाली."

मले जमिनीत जावंसं वाटलं. पास झाली ती. पिवळा पट्टा धुऊन माह्या लुगड्याशेजारी वाळू घालते, अन् मी अजूनही तिकडं पाहत नाई. खोटं कशाले बोलू.

आता मी एकही दिवस चुकवत नाई. जुना महिना मॅडमनं धरला, एकच भरायचा आहे. पण काता करताना समोरून पाहणारं कोणी पाहिजे, अन् सुनेले मी काही विचारणार नाई. तू ये ना बाई, पुढच्या आठवड्यातच ये. चार दिवस राहायच्या बोलीनं ये.