चौदा हिरव्या खुणा

निवृत्तीनंतर बरेच गुन्हे डोक्यातून उतरले. नंबर आठवत नाहीत, कलमंही आठवावी लागतात. हा एक मात्र उतरत नाही, आणि खरं सांगायचं तर मला आता त्याचा थकवा आला आहे. नावं कुणाचीच देत नाही.

तेव्हा मी बीड जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. माजलगाव रस्त्यावरच्या एका खासगी धान्यगोदामात ट्रॅक्टर मागे घेताना एक हमाल चाकाखाली सापडून गेला. आम्ही अकस्मात मृत्यूची नोंद करून मोकळे झालो. पंधरा दिवसांनी त्याच्या भावाने तक्रार दिली, की हमाल ओरडत असतानाही ड्रायव्हरने ट्रॅक्टर रेटला. गोदामातल्या कॅमेऱ्यांचं चित्रीकरण आठ दिवसांत आपोआप मिटत असे. गोदामाच्या ऑपरेटरने त्या दिवशीचा भाग एका सुट्या हार्डडिस्कवर काढून ठेवला होता, तेवढाच पुरावा उरला होता. पंचनामा करून डिस्क ताब्यात घेतली, तर ठेवल्या जागी ती फाईल नव्हती.

दुसऱ्या दिवशी खबऱ्याचा फोन आला. ऑपरेटर ट्रॅक्टरमालकाच्या भावकीतला हाय, त्यानंच पुसलं, असं त्याचं म्हणणं.

प्रयोगशाळेचा अहवाल यायला महिने लागतात. म्हणून आमच्या सायबर शाखेतल्या एका हवालदारबाईंनी स्वतःच एक प्रोग्राम लिहिला होता. डिस्कची नक्कल त्याला दिली की तिच्यावरून पुसलेल्या फायलींची यादी तो काढून देई. यादीत आमची फाईल होती. मी ऑपरेटरला पुरावा नष्ट केल्याच्या गुन्ह्यात अटक केली. कोर्टाने तीन दिवसांची कोठडी दिली.

चाळिशीचा, बारीक, घाबरट माणूस. पहिल्या दिवशी तो एवढंच म्हणत होता, "साहेब, मी ते जपून ठिवलंय. कुठं ते ध्यानात येईना. एकदा मशिनीपुढं बसवा." आरोपीला पुराव्याच्या जवळ येऊ द्यायचं नाही, हा नियम. नकलेपुढे बसवता आलं असतं, पण मला ते सुचलं नाही, कारण मला त्याची गरजच वाटत नव्हती. त्याला घाम फुटला की मी मनात म्हणायचो, चोराच्या मनात चांदणं. मी त्याच्यावर हात उचलला नाही. यादी टेबलावर ठेवली आणि तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला. बायको डबा घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून असायची. दुसऱ्या दिवशी दुपारी तो म्हणाला, "व्हय, मीच पुसलं." मी चहा मागवला.

तिसऱ्या दिवशी वरिष्ठांचा निरोप आला. प्रोग्राम घरचा आहे, कोर्टात वकील विचारणार, तेव्हा तपास अधिकाऱ्याने त्याच्या चाचण्या पाहून सही करावी. बाईंनी चौदा चाचण्या लिहिल्या होत्या. प्रोग्राममध्ये काही बदल केला की त्या आपोआप चालत आणि पडद्यावर एकेक हिरवी खूण उमटे. मी चष्मा लावून बसलो आणि एकेक समजावून घेतली. कोरी डिस्क, तिच्यावर फोटो ठेवला, पुसला, यादीत आला. लांब नावाची फाईल पुसली, तीही आली. मराठी नावाची आली, अख्खा फोल्डर पुसला तोही आला. चौदाच्या चौदा हिरव्या. मी पेन काढलं.

मग जुनी सवय आड आली. ओळख परेडीत आम्ही आरोपीला एकट्याला कधी उभं करत नाही, शेजारी त्याच्यासारखी दिसणारी, गुन्ह्याशी संबंध नसलेली माणसं उभी करतो. साक्षीदार त्यांच्यावर बोट ठेवत नाही, तेव्हाच त्याच्या ओळखीला किंमत.

मी विचारलं, "बाई, काहीच न पुसलेली डिस्क याला कधी दाखवलीत का?"

त्यांनी चाचण्यांची यादी पुन्हा वरपासून पाहिली. म्हणाल्या, "नाही सर. प्रत्येक वेळी मीच पुसलं आणि सापडतं का तेवढंच पाहिलं."

पंधरावी चाचणी त्यांनी तिथेच लिहिली. एक फाईल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलवली, पुसलं काहीच नाही. खूण लाल आली. प्रोग्रामने ती फाईल पुसलेली म्हणून दाखवली होती. बाईंनी कारण सांगितलं. या प्रकारच्या डिस्कवर फाईल हलवली की जुन्या जागेची नोंद खोडली जाते आणि नवीन जागी दुसरी होते. प्रोग्राम फक्त खोडलेली नोंद वाचत होता. मुद्देमालाच्या रजिस्टरात एका कपाटातली वस्तू दुसऱ्यात ठेवली की आम्हीही पहिली ओळ खोडतोच.

मग नकलेवर ती फाईल शोधली. काखेत कळसा नि गावाला वळसा, तसं झालं. ती 'श्री' नावाच्या फोल्डरमध्ये होती. आमच्याकडे वहीचं पहिलं पानसुद्धा श्री लिहिल्याशिवाय सुरू होत नाही. त्यात देवाचे फोटो नि आरत्या असणार, असं धरून आम्ही तो उघडलाच नव्हता. ऑपरेटर मात्र महत्त्वाचं सगळं देवाच्या नावाखाली ठेवायचा. हमाल मेलेला पाहून हादरला, त्या गडबडीत फाईल तिथे सरकवली आणि विसरला. चित्रीकरणात ड्रायव्हरचा दोष स्पष्ट दिसत होता.

ऑपरेटरविरुद्ध पुरावा नसल्याचा अहवाल कोर्टात देऊन त्याला सोडलं. जाताना मी त्याला विचारलं, "पुसलं नव्हतंस, तर कबूल कावून केलंस?"

"तुमच्या हातात कागद होता, साहेब. दोन दिस तुमी एकच म्हणत होता. मग मला बी वाटाय लागलं, माझ्याच हातानं झालं आसंल." आणि त्याने हात जोडून माझे आभार मानले. मला फार लाज वाटली.

बाईंनी प्रोग्राम त्याच आठवड्यात दुरुस्त केला. त्याला निर्दोष डिस्क कुणी दाखवली नव्हती, म्हणून तो चुकला. माझ्यापुढे तर निर्दोष माणूस दोन दिवस बसला होता आणि त्याच्या तोंडूनही मी हो काढून घेतलं. असं हो मी सगळ्या नोकरीभर काढत आलो, आणि त्याची मला शाबासकी मिळत गेली. त्यातले किती जण माझ्या खात्रीपुढे हरून हो म्हणाले असतील, हे मला माहीत नाही. काही अजून शिक्षा भोगत असतील. त्यांची यादी कुणाकडेच नाही.